रिपोर्ट नॉर्मल, दुखणं तसंच

पुणे-सोलापूर रस्त्यावरचं भिगवण पक्षीप्रेमींना उजनीच्या पाणफुगवट्यावर उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांमुळे ठाऊक आहे. संधिवाताचा अभ्यास करणारे डॉक्टर मात्र हे गाव वेगळ्या कारणाने ओळखतात. 1996 मध्ये पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथे घरोघर जाऊन पाहणी सुरू केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाठबळाने अनेक देशांत चाललेल्या ‘कॉपकॉर्ड’ नावाच्या कार्यक्रमाचा तो भाग होता. पद्धत साधी होती. दारात जायचं, माणसाच्या शरीराचं रेखाचित्र पुढे धरायचं आणि कुठे कुठे दुखतं तिथे खूण करून घ्यायची. चार हजारांहून थोड्या अधिक प्रौढांपैकी सुमारे 18 टक्के लोकांना स्नायूंचं, सांध्यांचं किंवा हाडांचं काही ना काही दुखणं निघालं. ज्या आमवाताची सगळ्यांना धास्ती असते, तो ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस दोनशे प्रौढांत जेमतेम एकाला होता. गुडघ्यांची झीज पुष्कळांना होती. आणि बरीच दुखणी अशी होती की पुस्तकातल्या कोणत्याच नावाखाली ती नीट बसेनात.

नाव नसलेल्या या दुखण्याची वाट आपल्याकडे ठरलेली असते. अंग ठणकतं, खांदे भरून येतात, सकाळी बोटं वळत नाहीत, जिना चढताना मांड्या भरतात. आधी बाम, मग मेडिकलवाल्याने दिलेली गोळी, मग एक्स-रे, मग रक्ताच्या तपासण्यांची लांबलचक यादी. शेवटी डॉक्टर कागद उलटसुलट करून सांगतात, “सगळं नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका.” घरच्यांना हायसं वाटतं. जिचं दुखतंय तिची मात्र कोंडी होते, कारण आता दुखतं म्हणायचीही चोरी. नॉर्मल रिपोर्टचा अर्थ एवढाच, की जे शोधायला ती तपासणी केली ते सापडलं नाही. दुसरं काही शोधलंच नसेल तर त्याबद्दल तो कागद मुका असतो. अशा दुखण्याचं उत्तर बहुतेक वेळा रुग्णाच्या सांगण्यातून निघतं. ते सांगणं नीट ऐकलं जात नाही, आणि बरेचदा नीट सांगितलंही जात नाही.

पहिला प्रश्न सकाळचा. उठल्यावर सांधे आखडलेले असतात का, आणि मोकळे व्हायला किती वेळ लागतो? झिजलेला गुडघा पाच-दहा मिनिटांत सुटतो आणि दिवसभराच्या वापराने संध्याकाळी जास्त दुखतो. सुजेचा संधिवात याच्या उलट वागतो. त्यात आखडलेपणा तासभर टिकतो, बसून राहिलं की वाढतो आणि हालचालीने कमी होतो. पंचविशीतल्या मुलाला पहाटे तीन-चारला कंबरदुखीने जाग येत असेल आणि फेऱ्या मारल्यावर बरं वाटत असेल, तर ती मणक्याची गादी सरकल्याची खूण नव्हे. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस या आजाराची शंका तिथे यायला हवी. त्याचे बदल साध्या एक्स-रेवर उमटायला वर्षं जातात, म्हणून एक्स-रे नॉर्मल येतो आणि निदानाला सात-आठ वर्षंही लागतात. तोवर मणका ताठ होत राहतो.

दुसरा प्रश्न : दुखतं, की जोर लागत नाही? रुग्ण दोन्हींना ‘पाय गेले’ म्हणतो, पण फरक मोठा आहे. दुखत असूनही स्नायूत ताकद शाबूत असेल तर दिशा वेगळी. वरच्या फळीवरचा डबा काढता येत नसेल, उकिडवं बसल्यावर आधाराशिवाय उठता येत नसेल, तर स्नायूंना सूज आहे का, हे पाहावं लागतं. त्यासाठी सीपीके नावाची रक्ततपासणी लागते आणि नेहमीच्या ‘आर्थ्रायटिस पॅकेज’मध्ये ती असेलच असं नाही.

तिसरा प्रश्न वयाचा. साठी-सत्तरीतल्या एखाद्या आजींचे दोन्ही खांदे आणि मांड्यांचे सांधे थोड्याच दिवसांत धरतात. पोलकं घालताना हात मागे जात नाही, अंथरुणात कूस वळत नाही. घरात सगळे ‘वय झालं’ म्हणतात. पण वय असं आठवड्याभरात होत नसतं. याला पॉलिमायल्जिया ऱ्हुमॅटिका म्हणतात. यात रक्ततपासणीतला सूज दाखवणारा आकडा, ईएसआर, बहुधा वाढलेला असतो आणि स्टेरॉइडच्या छोट्या मात्रेने काही दिवसांतच आजींना बरं वाटू लागतं. याच वयात नव्याने डोकेदुखी सुरू झाली, घास चावताना जबडा दुखू लागला, तर मात्र एक दिवसही थांबू नये. डोक्याकडच्या रक्तवाहिन्यांना सूज आली असेल तर दृष्टी कायमची जाऊ शकते.

रुग्णाच्या सांगण्याला किती किंमत असावी, हे दाखवणारी घटना अमेरिकेत कनेटिकट राज्यात घडली. लाइम या छोट्या गावाच्या परिसरात राहणाऱ्या पॉली मरे या चित्रकार बाईंना 1960 च्या दशकापासून सांधे सुजणं, अंगावर चट्टे, डोकेदुखी, प्रचंड थकवा असा त्रास होत होता. एकामागून एक डॉक्टर झाले. तपासण्यांत काही सापडेना, तेव्हा हा मनाचा आजार असावा असं त्यांना सुचवलं गेलं. त्या खचल्या असतील, पण थांबल्या नाहीत. आपल्याला, नवऱ्याला, मुलांना कधी काय झालं, याच्या नोंदी त्यांनी ठेवल्या. मग शेजारपाजाऱ्यांच्याही. 1975 मध्ये त्यांनी ती माहिती राज्याच्या आरोग्य खात्याला कळवली. त्याच सुमारास गावातल्या ज्युडिथ मेन्श या दुसऱ्या एका आईनेही फोन केला होता. तिच्या मुलीला लहान मुलांचा संधिवात असल्याचं निदान झालं होतं आणि जवळपासच्या आणखी काही मुलांनाही तेच नाव मिळालं होतं. संसर्गाने न पसरणारा, क्वचित होणारा आजार एकाच वस्तीत इतक्या घरांत कसा?

येल विद्यापीठात नुकतेच आलेले तरुण संधिवाततज्ज्ञ ॲलन स्टीअर यांनी पॉली मरे यांचं म्हणणं बसून ऐकलं. त्यांच्या गटाला तीन गावांत मिळून 51 रुग्ण सापडले, त्यांत 39 मुलं होती. काही रस्त्यांवर दर दहा मुलांमागे एक आजारी होतं. बहुतेकांचा त्रास उन्हाळ्यात किंवा त्यानंतर लगेच सुरू झाला होता, रुग्ण रानाला लागून राहणारे होते, आणि साधारण चौथा हिस्सा लोकांना सांधे सुजण्याच्या काही आठवडे आधी उठलेला, पसरत जाणारा गोल लाल चट्टा आठवत होता. तशा चट्ट्याची आणि गोचिडीच्या चाव्याची सांगड युरोपातल्या डॉक्टरांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच घातली होती. पुढे 1981 मध्ये विली बर्गडॉर्फर यांना गोचिडींच्या आतड्यात नागमोडी आकाराचे जंतू दिसले आणि कारण हाती आलं. आज लाइमचा आजार वेळेत ओळखला तर अँटिबायोटिकने बरा होतो. रक्ततपासणी तर नंतर आली. गाठ सुटली ती ऋतू, जागा, चट्टा आणि शेजार या चार गोष्टींमुळे, आणि त्या चारही एका गृहिणीच्या कागदांत होत्या.

आपल्याकडे लाइमची काळजी करायचं फारसं कारण नाही. आपल्याकडचे संशयित वेगळे आहेत. त्यातला एक तर सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीने 1973 मध्येच पाहिला होता : चिकुनगुन्या. त्या साथीनंतर हा विषाणू देशातून जवळजवळ दिसेनासा झाला आणि बत्तीसेक वर्षांनी, 2005 च्या अखेरीस परतला. 2006 मध्ये देशभरात सुमारे 14 लाख संशयित रुग्ण नोंदले गेले. ताप चार-पाच दिवसांत उतरतो, पण घोटे, मनगटं, बोटं कित्येकांची महिनोन्‌महिने धरलेली राहतात. सुजेची ठेवण हुबेहूब आमवातासारखी असू शकते. सहा महिन्यांपूर्वीचा ताप रुग्ण विसरलेला असतो आणि डॉक्टर विचारत नाहीत. म्हणून तापाची तारीख लक्षात ठेवावी, त्या वेळी घरात आणखी कोण पडलं होतं हेही.

दुसरं कारण ड जीवनसत्त्वाची कमतरता. उन्हाच्या देशात हे पटत नाही, पण ऊन घराबाहेर असतं आणि आपण आत. कमतरता तीव्र आणि दीर्घकाळची असेल तर हाडांत खनिज पुरेसं भरत नाही, ती मऊ पडतात आणि दुखतात. रुग्ण सांधे दुखतात म्हणतो, पण नडगीवर अंगठा दाबला की कळवळतो. जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो, चाल बदकासारखी होते. यावर उपचार स्वस्त आहे आणि गुणही येतो, मात्र काही महिने लागतात. यातला धोका दुसऱ्या टोकाचा : साठ हजार युनिटची आठवड्याची पुडी आठ आठवड्यांसाठी लिहून दिलेली असते आणि लोक ती वर्षानुवर्षं घेत राहतात. मग रक्तात कॅल्शियम वाढतं आणि मूत्रपिंडाला इजा होते. सौम्य कमतरता तर इतकी सर्रास आढळते, की रिपोर्टमध्ये ती दिसली म्हणून दुखण्याचं कारण मिळालंच असं समजू नये.

थायरॉइड मंदावला की स्नायू दुखतात, आखडतात, पायांत गोळे येतात. साध्या टीएसएच तपासणीत ते कळतं. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्यांनीही काहींचे स्नायू दुखतात. इथे लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधला एक प्रयोग फार बोलका आहे. ज्यांनी त्रासामुळे स्टॅटिन सोडली होती अशा 60 जणांना वर्षभरात काही महिने खरी गोळी, काही महिने तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी आणि काही महिने काहीच नाही, असं आलटून पालटून दिलं. खोट्या गोळीच्या महिन्यांतही खऱ्या गोळीच्या साधारण नव्वद टक्के त्रास नोंदला गेला. म्हणजे त्यांचं दुखणं खरं होतं, पण ते बहुतांशी औषधाच्या रसायनामुळे नव्हे तर गोळी घेतोय या अपेक्षेमुळे उठत होतं. 2020 मध्ये हे निष्कर्ष आले तेव्हा ते पाहून त्यांतल्या निम्म्या लोकांनी गोळी पुन्हा सुरू केली. हृदयाची गोळी परस्पर बंद करू नये, डॉक्टरांशी बोलून पाहावं, ते यासाठी.

नॉर्मल रिपोर्टइतकाच घोटाळा उगाच पॉझिटिव्ह आलेल्या रिपोर्टने होतो. आमवातासाठी तपासला जाणारा आरए फॅक्टर धडधाकट माणसांतही काहींना पॉझिटिव्ह असतो, वयाबरोबर ते प्रमाण वाढतं. उलट खऱ्या आमवाताच्या चार-पाच रुग्णांतल्या एकाला तो निगेटिव्ह येतो. ल्युपससाठी केली जाणारी एएनए तपासणी तर सौम्य प्रमाणात, म्हणजे 1:40 ला, जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याच्या निरोगी लोकांत पॉझिटिव्ह निघू शकते. एएसओ वाढलं याचा अर्थ घशाला कधीतरी स्ट्रेप्टोकोकस जंतूंचा संसर्ग होऊन गेला, एवढाच. पण केवळ त्या आकड्यावरून पस्तिशीच्या बाईला दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं दुखरं इंजेक्शन वर्षानुवर्षं दिलं जातं, तेव्हा मनापासून वाईट वाटतं. युरिक ॲसिडचंही तसंच. ते किंचित वाढलेलं दिसलं की घरात तूर, हरभरा, टोमॅटो, पालक सगळं बंद. गाउटचा झटका रात्रीतून येतो, बहुधा पायाचा अंगठा लालभडक सुजतो, चादरीचा स्पर्श सोसवत नाही. सर्वांगाच्या मुरलेल्या ठणक्याशी त्याचा संबंध नसतो, आणि डाळ तर गाउट असतानाही सोडावी लागत नाही. तपासणी शंका पडताळायला करायची असते; शंकाच नसताना केली की ती नव्या शंका जन्माला घालते.

याच गोंधळाला कंटाळून माणसं पुड्यांकडे वळतात. नाव नाही, घटक लिहिलेले नाहीत, ‘जडीबुटी आहे, साइड इफेक्ट नाही’ एवढंच तोंडी आश्वासन. दोन दिवसांत गुडघे मोकळे होतात, चार घरी कीर्ती जाते. अशा पुड्यांत स्टेरॉइड आणि वेदनाशामकं मिसळलेली असल्याचं तपासण्यांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. काही महिन्यांत चेहरा गोल फुगतो, साखर आणि रक्तदाब चढतो, हाडं ठिसूळ होतात. शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी करतं, त्यामुळे पुडी एकदम बंद केली तर माणूस कोसळू शकतो. घरात कुणी घेत असेल तर न ओरडता डॉक्टरांना ते सांगावं, ती हळूहळूच सोडवावी लागते.

आता सगळं पाहून झालं. सांध्यांना सूज नाही, ताकद शाबूत, थायरॉइड ठीक, ईएसआर ठीक, आणि तरी तीन महिन्यांहून अधिक काळ मान, खांदे, पाठ, मांड्या सगळीकडे दुखतंय, आठ तास पडूनही झोप झाल्यासारखी वाटत नाही, कामात लक्ष लागत नाही. याला फायब्रोमायल्जिया म्हणतात आणि जगात शंभरातल्या दोन ते चार लोकांना तो असतो, त्यांत बायका जास्त. निदान सगळ्या तपासण्या संपल्यावर हात टेकून करायचं नसतं. त्याला स्वतःची लक्षणं आहेत. 1990 मध्ये अमेरिकी संधिवाततज्ज्ञांनी शरीरावरचे 18 बिंदू ठरवले होते, अंगठ्याने दाबल्यावर त्यांतले 11 दुखले की निदान पक्कं. 2010 मध्ये ती अट काढली. आता शरीराच्या 19 भागांपैकी किती भाग दुखतात हे मोजतात आणि थकवा, झोप, स्मरण यांची तीव्रता पाहतात. म्हणजे वैद्यकशास्त्र इथे पुन्हा रुग्णाच्या सांगण्यावरच आलं.

1904 मध्ये लंडनचे मज्जाविकारतज्ज्ञ विल्यम गॉवर्स यांनी अशा दुखण्याला ‘फायब्रोसायटिस’ म्हटलं, कारण स्नायूंतल्या तंतूंना सूज असावी असा त्यांचा तर्क होता. स्नायूंचे तुकडे काढून पाहिले तेव्हा सूज सापडली नाही, आणि मग कित्येक दशकं या रुग्णांकडे संशयाने पाहिलं गेलं. 1975 मध्ये टोरोंटोच्या हार्वी मोल्डोफ्स्की यांनी निरोगी तरुणांना प्रयोगशाळेत झोपवून केवळ गाढ झोपेच्या वेळी आवाजाने चाळवलं. काही रात्रींतच त्यांचं अंग दुखायला लागलं, दाबल्यावर स्नायू हुळहुळे लागले. 2002 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी रुग्णांच्या अंगठ्याच्या नखावर मोजून दाब दिला आणि त्याच वेळी मेंदूचं एमआरआय चित्रण केलं. निरोगी माणसाला जो दाब नुसता जाणवतो तेवढ्याने रुग्णांच्या मेंदूतली वेदनेची केंद्रं जागी होत होती. दुखतं असं नुसतं म्हणणाऱ्याच्या मेंदूत हे चित्र उमटवता येत नाही. मज्जारज्जू आणि मेंदू वेदनेचे संदेश वाढवतात, आणि ते आवरणारी शरीराची स्वतःची यंत्रणा ढिली पडते, असं आता मानलं जातं. 2021 मध्ये लंडनमधल्या संशोधकांनी रुग्णांच्या रक्तातली प्रतिपिंडं उंदरांना टोचली, तेव्हा उंदरांनाही दाब आणि थंडी सोसेनाशी झाली. मामला ‘मनाचा’ म्हणून गुंडाळणाऱ्यांना याचं उत्तर द्यावं लागेल.

उपचारांत नेहमीच्या वेदनाशामकांचा उपयोग जवळजवळ होत नाही. ती सूज उतरवतात आणि इथे सूजच नसते. स्टेरॉइड आणि तीव्र अफूवर्गीय औषधं देऊ नयेत, असं युरोपच्या संधिवाततज्ज्ञांच्या मार्गदर्शनात स्पष्ट म्हटलं आहे. अमिट्रिप्टिलीन रात्री लहान मात्रेत, किंवा ड्युलॉक्सेटिन, प्रिगॅबलिन यांचा काहींना उपयोग होतो. मेडिकलच्या काउंटरवर कुणीतरी “ही तर डिप्रेशनची गोळी” म्हणतं आणि बाई दुसऱ्याच दिवशी ती बंद करते. ती वेदनेचे संदेश आवरणारी रसायनं वाढवायला दिली आहे, हे चिठ्ठी देतानाच दोन वाक्यांत सांगायला हवं.

त्या मार्गदर्शनात सगळ्यात ठाम शिफारस एकाच गोष्टीची आहे : व्यायाम. इथे ‘रोज तासभर चाला’ हा सल्ला मात्र घात करतो. दुखऱ्या शरीराने पहिल्याच दिवशी तासभर चाललं तर पुढचे तीन दिवस अंथरुणात जातात आणि व्यायाम आपल्याला सोसत नाही अशी खात्री पटते. सुरुवात पाच-दहा मिनिटांची हवी. ज्या दिवशी बरं वाटतं त्या दिवशी सगळी तुंबलेली कामं उरकायची नाहीत, ज्या दिवशी दुखतं त्या दिवशी पूर्ण थांबायचं नाही. दोन्ही दिवशी सारखंच चालायचं आणि दर एक-दोन आठवड्यांनी दोन मिनिटं वाढवायची. पहिले काही आठवडे दुखणं थोडं वाढतं. फरक कळायला दोन-तीन महिने जातात, आणि तोही आधी झोपेत दिसतो, दुखण्यात मागाहून. घरातल्या कुणी तेवढे महिने संध्याकाळची कणीक मळून ठेवली, तर त्या दहा मिनिटांसाठी वेळ मिळतो.